भुसावळच्या जुन्या बेने इस्रायली घराची मांडणी: केतुबा, हनुक्काचा दिवा, मेझुझा, जुने फोटो कुठे आणि कसे लावावेत?

तापीकाठ:

नमस्कार मंडळी. भुसावळला आमचं बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या कुटुंबाचं जुनं घर आहे. दुरुस्ती आणि रंगकाम संपत आलंय. कुठली वस्तू कुठे जाणार हे आत्ताच ठरवायचंय, कारण खुंट्या आणि हूक एकदाच बसवायचे आहेत.

घर असं: विटा-मातीच्या १८ इंची भिंती, आतून चुना, वर सागाच्या तुळया. पुढची खोली १२ बाय १६ फूट. दार उत्तरेला. पश्चिमेची भिंत सबंध मोकळी आहे. दक्षिणेला खिडकी आणि तिच्यात कूलर. पूर्वेची भिंत माजघराला लागून, तिच्यात दोन कोनाडे.

वस्तू:
– आजी-आजोबांची केतुबा (लग्नाचा करारनामा), १९३८ सालची, १४ बाय २० इंच. छापील चौकट, आत शाईने भरलेला हिब्रू मजकूर. मागे प्लाय, कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी.
– अग्निरथातल्या एलियाहू हानाबींचं (प्रेषित एलियाचं) जुनं छापील चित्र.
– भिंतीवर टांगायचा, हनुक्काचा (आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा) पितळी दिवा, हिरवे ठिपके पडलेला.
– शब्बाथचा (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाचा) साखळीचा काचेचा दिवा.
– किद्दुशचा (शब्बाथच्या आशीर्वादाचा) चांदीचा पेला, वर कोरीव अक्षरं.
– हिब्रू-मराठी प्रार्थनेची सहा-सात पुस्तकं, काहींना भोकं पडलीत.
– दोन मोठे फोटो, त्यातला एक काचेला चिकटलाय.
– रंगकामासाठी काढून ठेवलेल्या मेझुझा (दाराच्या चौकटीला लावायच्या, पवित्र मजकुराच्या गुंडाळ्या).

घरच्यांचं म्हणणं, प्रार्थना पश्चिमेकडे तोंड करून होते, तर सगळं पश्चिमेच्या भिंतीवरच लावावं. बरोबर होईल का?

---

सागचौकट:

ताई, सुरुवात मेझुझापासून करा. ती सजावट नव्हे, आणि तिच्या जागेला नियम आहेत.

आत शिरताना उजव्या हाताची बाजू. चौकटीच्या उंचीचे तीन भाग करा, वरच्या भागाच्या तळाशी मेझुझा येते. ७ फुटी दार असेल तर जमिनीपासून ५६ इंच. जुन्या घरात आतली दारं बुटकी असतात. साडेपाच फुटी चौकटीला ४४ इंचच धरा. सगळ्या दारांना एकच माप लावलं तर बुटक्या दारांवर ती फार वर जाते, आणि ही चूक सर्रास होते. चौकट जाड असेल तर बाहेरच्या कडेपासून ८ सेंटिमीटरच्या आत बसवा, आत खोल नको. बेने इस्रायलींची रीत सेफार्दी (स्पेन आणि पश्चिम आशियाकडच्या ज्यूंच्या) वळणाची, म्हणून उभी सरळ लावतात. तिरकी लावायची पद्धत मध्य आणि पूर्व युरोपकडची. संडास-न्हाणीघराला लावत नाहीत.

बसवण्याआधी आतली गुंडाळी उघडून बघा. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असेल तरच ती मेझुझा. छापील कागद असेल तर सुबक कव्हरसुद्धा रिकामंच समजा. घरच्या मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासाव्यात असा नियम आहे. आपल्याकडे त्याला हवेचंही कारण आहे. चर्मपत्र म्हणजे कातडं, मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात ते आखडतं. शाई वरच्या थरावर बसलेली असते, ती तडकते. एक अक्षर तुटलं तरी मेझुझा बाद. ऊन येणाऱ्या मागच्या दाराला धातूचं कव्हर घालू नका, लाकडी घाला. गुंडाळताना मजकूर आत, डावीकडून उजवीकडे, म्हणजे सुरुवातीचा शब्द सगळ्यात बाहेर राहतो. घडी कधीही नाही. परत लावताना आशीर्वाद म्हणायचा की नाही, हे किती दिवस काढून ठेवली होती त्यावर ठरतं. हझानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना विचारा.

आता स्क्रू. जुना साग वाळून दगडासारखा झालेला असतो. पितळी स्क्रू थेट पिळला की डोकं तुटून हातात येतं. आधी २ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पूर्ण बसवून काढा, मग पितळी स्क्रूला मेण चोळून बसवा. वर एक, खाली एक. नुसत्या वरच्या स्क्रूवर लटकवलेली मेझुझा दार आपटून आपटून सैल होते.

भिंतीचं म्हणाल तर मातीच्या जोडाईत स्क्रूसाठी ठोकायचा प्लॅस्टिकचा गुट्टू धरत नाही, ड्रिल लावलं की माती भुसभुशीत होऊन भोक दुप्पट होतं. जड वस्तूसाठी वर तुळईलगत सागाची दीड इंची पट्टी आडवी बसवून घ्या आणि तिच्यावरून तारेने फ्रेम सोडा. प्रत्येक फ्रेमला दोन हूक. काळ्या मातीवरचं घर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात बसतं, एका हुकावरची फ्रेम दोन मोसमात तिरपी होते.

---

जुना_कागद:

पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न ताईंनी अगदी नेमका विचारलाय. येरुशलेमची दिशा इथून पश्चिमेला, जराशी वायव्येकडे झुकलेली, हे खरं. पण खानदेशात घरातली सगळ्यात तापणारी भिंतही तीच. मेमध्ये दुपारभर ऊन खाल्लेली १८ इंची भिंत संध्याकाळपासून उष्णता आत सोडायला लागते ती मध्यरात्र उलटेपर्यंत. काचेमागे अडकलेला कागद त्या उष्णतेत रोज भाजतो आणि पहाटे गार होतो. दहा उन्हाळ्यांत तो पापडासारखा कुरकुरीत होतो, कोपरा हातात तुटतो.

त्यामुळे त्या भिंतीवर कागद नको. दिशा दाखवणारी पाटी लावा, पितळेची, चिनीमातीची किंवा कोरीव लाकडाची. बाजारात अशा पाटीवर ‘मिझराह’ लिहिलेलं मिळतं. त्याचा अर्थ पूर्व, ती युरोपातल्या घरांसाठी. भारतात पश्चिमेच्या भिंतीवर ‘पूर्व’ लावणं पटत नाही, ‘येरुशलेम’ कोरून घ्या. पाटीवर देवाचं नाव असलेलं वचन घेतलंत तर ती न्हाणीघराच्या दारासमोर येऊ देऊ नका.

केतुबा पूर्वेच्या आतल्या भिंतीवर. माझं स्पष्ट मत, भिंतीवर प्रत लावा आणि मूळ केतुबा सपाट, अंधारात ठेवा. शाईने भरलेला मजकूर उजेडात उडतो आणि उडालेली शाई परत येत नाही.

प्रतीसाठी स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). ए-थ्री स्कॅनर ११.७ बाय १६.५ इंचाचा, म्हणजे १४ बाय २० त्यात मावत नाही. दोन-तीन भागांत स्कॅन करून जोडा, किंवा वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे ठेवून फोटो काढून घ्या. कागद आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये मुळीच घालू देऊ नका. छपाई पिगमेंट शाईत, शंभर टक्के सुती कागदावर.

मूळ कागदाचं: प्लाय आधी सुटा करा. प्लायमधलं आम्ल कागदात उतरतं, त्याच्या नसांचे तपकिरी पट्टे कागदावर उमटतात. पण कागद प्लायला चिकटवलेला असेल तर हात लावू नका. चिकटपट्टीचंही तसंच. वरचं प्लॅस्टिक बहुधा आपोआप निघून येईल, खालचा पिवळा गोंद मात्र कागदात मुरलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, गरम इस्त्री, यातल्या कशानेही तो काढायला जाऊ नका, शाई पसरते. हे काम कागद-संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथल्या जाणकारांना विचारा.

कागद सुटा आणि धड असेल तर आम्लविरहित पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, मध्ये आम्लविरहित पातळ कागद, आणि वर सपाट पेटी. गुंडाळी नको, लॅमिनेशन तर कधीच नको. प्लॅस्टिक तापून कागदाला कायमचं धरतं.

---

वातदिवा:

दिव्यांबद्दल मी सांगते.

शब्बाथचा काचेचा दिवा नुसता शोभेला टांगू नका, तो वापरात राहावा म्हणूनच घडवलेला असतो. आधी पाणी, साधारण दोन तृतीयांश. वर बोटभर खोबरेल, तरंगत्या चकतीत कापसाची वात. पाण्याचं काम दुहेरी. काच तापू देत नाही, आणि तेल संपत आलं की ज्योत पाण्याशी येऊन आपोआप विझते. पाणी न घालता थेट तेल ओतलं की शेवटी ज्योत तळाच्या काचेला लागते आणि काच तडकते. जुन्या काचेत बारीक बुडबुडे असतात, तिथूनच ती जाते. थंडीत खोबरेल गोठतं, पेला कोमट जागी ठेवून ते पातळ झालं की मग ओता. गोठलेल्या तेलात वात ओढत नाही.

हा दिवा सूर्यास्ताआधी लावला की शब्बाथ संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तेल घालायचं नाही, विझवायचं नाही, हलवायचं नाही. म्हणून टांगण्यातच सगळी काळजी घ्यावी लागते. हूक तुळईच्या गाभ्यात, फळीत नको. त्या हुकाला आणि साखळीला पाच किलोची वाळूची पिशवी चोवीस तास टांगून बघा. साखळीची कडी उघडलेली असेल तर सोनाराकडून डाक देऊन घ्या. ज्योत आणि तुळई यांच्यात दोन फूट तरी अंतर हवं, शिवाय ज्योतीवर पितळी झाकणी. पंखा पाच फुटांच्या आत नको, आणि कूलरचा झोत त्याच्या रेषेत नको. बोटभर तेल किती तास पुरतं हे एखाद्या साध्या वारी लावून घड्याळावर बघून ठेवा.

हनुक्काच्या दिव्याची जागा दाराच्या आत, मेझुझाच्या समोरची बाजू. म्हणजे उजवीकडे मेझुझा, डावीकडे दिवा. उंची जमिनीपासून साधारण १० ते ३१ इंच सांगितली आहे, त्यामुळे डोळ्याच्या उंचीवर कायमचा लटकवला तर सणाला तो खाली घ्यावा लागेल. दोन हूक करा, एक वर्षभराचा, एक आठ दिवसांचा. आठही वाट्या एका ओळीत, एका उंचीवर असाव्यात. शमाश, म्हणजे ज्याने बाकीचे लावायचे तो नववा, वेगळ्या उंचीवर. वाकलेल्या पत्र्यामुळे ओळ बिघडली असेल तर ती आधी सरळ करून घ्या. वाती इतक्या जवळ नकोत की दोन ज्योती एकत्र होतील, तसं झालं की ती मशाल धरली जाते, दोन दिवे नाहीत. सात फांद्यांची मेनोरा (दिव्यांचं झाड) शोभेला ठेवतात, ती हनुक्काला चालत नाही.

हिरवे ठिपके दोन जातींचे असतात. गुळगुळीत, काळपट हिरवा थर म्हणजे पितळेचं वय, तो राहू द्या. फिकट, भुकटीसारखा, पुसला तरी परत येणारा हिरवा हा रोग. मीठ आणि चिंच किंवा लिंबू लावून घासल्यावर ते नीट धुतलं गेलं नाही की हाच येतो, कारण मिठाचा अंश कोपऱ्यात राहतो आणि पितळ आतून खात राहतो. बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने तो झाडून काढा, मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने कोरडा करा, वाट्यांच्या सांध्यांत ओल राहता कामा नये. भांडेवाल्याकडे बफ मारायला देऊ नका. चाक पातळ पत्र्यावरची हिब्रू अक्षरं एका फेरीत गुळगुळीत करून टाकतं. वाट्या बहुधा डाकाने जोडलेल्या असतात, जाळावर धरल्या की सुटतात.

चांदीच्या पेल्याला रांगोळी, राख, टूथपेस्ट लावू नका, ओरखडे पडतात. खडूची वस्त्रगाळ पूड आणि पाणी यांचा लेप, मऊ सुती कापड, बस्. अॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा हा उपाय सगळीकडे सांगतात, पण कोरीव अक्षरांच्या खाचेतला काळेपणा तो उडवतो आणि अक्षरं वाचता येईनाशी होतात. पेला वर्तमानपत्रात, लोकरीत किंवा रबरबँड लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकानेच चांदी काळी पडते.

---

तापीकाठ:

खूप आभार सगळ्यांचे. पश्चिमेच्या भिंतीबद्दल घरच्यांना आता नीट सांगता येईल. तीन गोष्टी राहिल्या. एक, काचेला चिकटलेला फोटो आणि भोकं पडलेली पुस्तकं. दोन, मूळ केतुबा सणापुरती तरी भिंतीवर यावी असं आईला मनापासून वाटतं. तीन, इस्रायलमधले चुलत भाऊ केतुबा आणि पेला त्यांच्याकडे पाठवा म्हणतात. पाठवता येईल का?

---

धुळ्याचा_फ्रेमवाला:

आईंचं बरोबर आहे. केतुबा घराच्या भिंतीवर असणं यालाही अर्थ आहे, मी जुना_कागद यांच्याइतका कडक नाही. दोन-तीन आठवडे लावायची असेल तर असं करा.

खिडकीचा माउंट आम्लविरहित, दोन थरांचा, म्हणजे कागद आणि काच यांच्यात ३ मिलिमीटर अंतर पडतं. मजकुराभोवती पाव इंच मोकळं. कागद वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी धरायचा. खालची बाजू मोकळी. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आखडतो, चारही बाजू डकवल्या तर त्याला जागाच राहत नाही, मग लहरी येतात किंवा मधोमध फाटतो. पट्ट्यांना खळ गव्हाच्या शुद्ध स्टार्चची, एकास पाच पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळलेली. घरात कुरडईचा चीक आहे म्हणून तो वापरू नका, तो आंबवलेला आणि मीठ घातलेला असतो. मोरचूद घातलेली बायंडरची खळही नको, वाळवीला बरी पण कागद खाते.

समोर साध्या काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक, ते फुटून कागदावर पडतही नाही. फक्त कोरड्या कापडाने घासू नका, स्थिर वीज येऊन शाईचे कण ओढते. मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड नको. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, फ्रेम भिंतीपासून पाऊण-एक सेंटिमीटर सुटी राहील आणि मागून हवा खेळेल. वाळवी भिंतीतून थेट लाकडात शिरते ती याच चिकटलेल्या जागेतून.

एलियाहू हानाबींच्या चित्रालाही हीच फ्रेम. या छापील चित्रांचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो, आणि अग्निरथाचा जीवच त्या लालात असतो. त्याच्या खाली दिवा-उदबत्ती ठेवत जाऊ नका, काजळी कागदात शिरते. मलिद्याचं (एलियाहूंच्या नावाने मांडायच्या प्रसादाचं) ताट ठेवायची जागा त्या चित्राजवळच करायची असेल तर पूर्वेच्या कोनाड्याखाली दीड फुटी फळी घ्या. पोहे, खोबरं, गूळ, फळं, सब्जा हे सगळं मांडलेलं ताट जड होतं, फळीला खाली दोन ब्रॅकेट हवेतच.

चिकटलेला फोटो ओढू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलीने मऊ होऊन काचेला धरलेला असतो, ओढला की चेहरा काचेवर राहतो. पाण्यात भिजवायचाही प्रयोग नको. काचेसकट स्कॅन करा आणि काचेसकटच नव्या फ्रेममध्ये ठेवा. ज्या घरात कूलर आहे तिथे हे होतंच. दिवसभर दमट हवा, रात्री कूलर बंद, पहाटे कोरडं. कूलरसमोरच्या भिंतीवर एकही फोटो नको, म्हणजे तुमच्या खोलीत उत्तरेची भिंत रिकामी ठेवा.

---

जुना_कागद:

फ्रेमवाले भाऊ, अॅक्रिलिक आणि दोन-तीन आठवडे, एवढ्यावर मी कबूल आहे. पण त्या दिवसांत फ्रेमवर स्पॉटलाइट नको, आणि बाकी वर्षभर तिथे प्रतच हवी.

पुस्तकांबद्दल. भोकं गोल आणि बारीक, खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. प्रत्येक पुस्तक जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. कोरड्या, मोकळ्या कपाटात आडवी ठेवा. डांबरगोळ्या नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कापडाच्या पुरचुंडीत, पानांमध्ये नाही, हिरवे डाग पडतात.

एखादं सुंदर पान कापून फ्रेम करायचा मोह आवरा. देवाचं नाव असलेलं पान फाडत नाहीत, टाकतही नाहीत. सुटी झालेली पानं, तुकडे, बाद झालेल्या मेझुझा एका पाकिटात जमवा आणि मुंबई, पुणे किंवा अलिबागकडच्या सिनेगॉगला विचारून गेनिझासाठी (बाद पवित्र लिखाण जमवायच्या जागेसाठी) द्या, तिथे ते रीतीप्रमाणे पुरतात. पहिली पानं मात्र नीट वाचा. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी सचित्र हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) छापली गेली होती. तसं काही तुमच्या गठ्ठ्यात निघालं तर ते बायंडरकडे द्यायच्या आधी संग्रहालयातल्या माणसाला दाखवा.

परदेशी पाठवण्याचं: पुरावस्तू आणि कलाकृती कायदा १९७२चा, लागू १९७६पासून. १०० वर्षं झालेली कलावस्तू पुरावस्तू धरली जाते. ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखितं आणि कागदपत्रं मात्र ७५ वर्षांतच. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, बॅगेतूनही नाही, घरची असली तरी नाही. १९३८ची केतुबा ७५ वर्षं ओलांडून गेली, म्हणून ती पाठवायची भाषा करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून ती पुरावस्तू ठरते की नाही याचं प्रमाणपत्र घ्या. पेल्याचं वय कळत नसेल तर त्याच्यासाठीही तेच. भावांना केतुबेची सुती कागदावरची दुसरी प्रत करून पाठवा, तिला कुणी अडवणार नाही.

---

तापीकाठ:

समजलं. दोन प्रतींची ऑर्डर आजच देते. आता अडचण अशी की, पूर्वेच्या भिंतीला खाली दोन फुटांपर्यंत लोणा आहे, चुना पोपडे धरून पडतो. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून ऑइल पेंट देतो, दिसणार नाही.

---

सागचौकट:

देऊ नका. ऑइल पेंटने भिंतीचं तोंड बंद होतं. ओल बाहेर पडायचा रस्ता शोधत वर चढते, आज दोन फुटांवर असलेला लोणा दोन पावसाळ्यांत चार फुटांवर येईल, म्हणजे थेट फ्रेमच्या मागे.

आधी ओल कुठून येते ते बघा. एक फूट बाय एक फूट अॅल्युमिनियमचा कागद भिंतीवर, जमिनीपासून दीड फुटावर, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा. असाच दुसरा, जिथे केतुबा येणार तिथे, पाच फुटांवर. दोन दिवस कूलर बंद. उघडल्यावर भिंतीकडच्या अंगाला पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या अंगाला असेल तर हवेतली. खालचा ओला आणि वरचा कोरडा निघाला तर फ्रेमला जागा बरोबर आहे. मग खालचा पोपडा विटेपर्यंत खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, ते क्षार परत आत जातात. एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या आणि नंतर चुन्याचाच गिलावा घ्या. माजघराच्या बाजूने मोरी किंवा माठाची जागा त्या भिंतीला टेकलेली आहे का तेही बघा. दोन फुटांपर्यंतची ओल बऱ्याचदा तिथूनच येते.

वरचा कागदही ओला निघाला तर पट्टी बसवू नका, इथे लिहा.